मॉरिशसच्या डोंगरवाटा: सातारकर ट्रेकरसाठी सविस्तर मार्गदर्शक

मॉरिशस बेटावरील सर्वांत उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून अवघे ८२८ मीटर आहे. सातारा शहरच सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेले असून अजिंक्यताऱ्याचा माथा हजार मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे वासोटा, चंदन-वंदन किंवा कमळगड पायाखाली घातलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे, आणि या समजुतीमुळेच अनेकजण तिथल्या डोंगरांना समुद्रकिनाऱ्यावरील सुट्टीतला अर्ध्या दिवसाचा विरंगुळा मानतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. साताऱ्यात पायथाच सातशे मीटरवर असतो, तर मॉरिशसच्या नैऋत्य टोकावरील ल मोर्न ब्राबाँ या ५५६ मीटर उंचीच्या डोंगराची वाट जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून सुरू होते. शहरातून अजिंक्यतारा चढताना साधारण तीनशे मीटर उंची गाठावी लागते. ल मोर्नवर त्याहून बरीच जास्त, आणि तीही दमट हवेत व शेवटच्या टप्प्यात हातापायांचा आधार घेत. म्हणून या बेटावरील ट्रेक निवडताना माथ्याच्या उंचीला फारसे महत्त्व देऊ नये. त्या दिवशी बेटाच्या कोणत्या बाजूला पाऊस आहे, आपण किती वाजता चालायला लागतो आणि शेवटचा कातळ कोरडा आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे उंचीपेक्षा अधिक निर्णायक ठरतात. पुढील सर्व सूचना याच तीन प्रश्नांभोवती मांडल्या आहेत.

आधी हंगाम ठरवावा, मग तिकीट काढावे

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण, दमट आणि चक्रीवादळांचा काळ असतो, तर मे ते ऑक्टोबर हा थंड आणि तुलनेने कोरडा काळ असतो. डोंगर चढण्यासाठी मे अखेरपासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस निवडावेत. आपल्याकडे पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते, कास-ठोसेघरचे रस्ते गर्दीने भरतात आणि कड्यांवरच्या वाटा धोकादायक होतात. नेमक्या त्याच महिन्यांत मॉरिशसचे डोंगर चालण्यासारखे असतात, ही सातारकरांसाठी मोठी सोय आहे. शाळांच्या दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी नोव्हेंबरमध्ये उकाडा वाढू लागतो, हे लक्षात ठेवावे. जानेवारी ते मार्च या काळात चक्रीवादळाचा संभव सर्वाधिक असतो. तिथे वादळाचे इशारे एक ते चार अशा चढत्या श्रेणींत दिले जातात. यांपैकी पहिल्या श्रेणीचा इशारा लागला, तरी डोंगराचा बेत रद्द करावा.

हंगामाइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे बेटाच्या दोन बाजू. वर्षातील बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, ते मधल्या पठारावर चढतात आणि तिथे पाऊस टाकतात. परिणामी क्यूरपीपसारख्या पठारावरील गावांच्या परिसरात भरपूर पाऊस पडतो, तर पठाराच्या आडोशाला असलेला पश्चिम किनारा त्याच वेळी कोरडा असतो. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांच्यातला फरक ज्याने एकाच जिल्ह्यात अनुभवला आहे, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मात्र सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि मॉरिशसचे मुख्य बेट दोन हजारांपेक्षाही लहान आहे. म्हणजे तिथे हा फरक तासाभराच्या प्रवासात अनुभवास येतो. याचा व्यवहारातला उपयोग असा, की रोजचा ट्रेक आधीपासून पक्का ठरवू नये. चार ट्रेकांची यादी तयार ठेवावी आणि आदल्या संध्याकाळी मॉरिशसच्या हवामान खात्याचा अंदाज पाहून दुसऱ्या दिवशीचा डोंगर निवडावा. पठारावर ढग असतील तर पश्चिमेचा ल मोर्न घ्यावा आणि सलग दोन कोरडे दिवस मिळाले तर पठारावरचे शिखर गाठावे.

साताऱ्यात करायची तयारी

नियमित चालणाऱ्या माणसाला दीड-दोन महिन्यांची तयारी पुरेशी होते. मात्र ती योग्य गोष्टीची असावी. आठवड्यातून तीन दिवस अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरचा चढ न थांबता करावा आणि पाठीवर पाण्यासह पाच-सहा किलो वजन ठेवावे. एक दिवस उतारासाठी राखून ठेवावा. जरंडेश्वरच्या पायऱ्या किंवा परळीतून सज्जनगडाची पायवाट यासाठी उत्तम आहे, कारण मॉरिशसमध्ये गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. तिथल्या वाटा आपल्या घाटवाटांसारख्या वळणे घेत उतरत नाहीत, तर अनेक ठिकाणी धारेवरून सरळ खाली येतात आणि पायाखाली मुळे, ओली माती किंवा सुटे दगड असतात.

त्यानंतर कातळाचा सराव करावा. दोन्हीकडचा खडक बेसाल्टच आहे, पण त्याची घडण वेगळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आडवे थर सह्याद्रीत एकावर एक बसले असल्यामुळे आपल्या कड्यांना टप्पे पडतात आणि त्यांवर पाय ठेवायला जागा मिळते. मॉरिशस हे त्या मानाने फार तरुण, सुमारे ऐंशी लाख वर्षांचे ज्वालामुखी बेट आहे, आणि आज दिसणारे त्याचे डोंगर हे एका प्राचीन विशाल ज्वालामुखीचे झिजून उरलेले अवशेष आहेत. त्यामुळे ते पठारातून किंवा समुद्रकाठातून एकदम उभे राहतात. वाई परिसरातील पांडवगड आणि वैराटगड यांच्या चढाईत कातळाचे छोटे टप्पे आणि घसारा दोन्ही मिळतात. तिथे तीन आधार पक्के ठेवून चौथा हलवण्याची सवय अंगी बाणवावी. दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच सुटला पाहिजे, हा नियम ल मोर्नच्या शेवटच्या टप्प्यावर कामी येतो.

उन्हाचा सराव बहुतेकजण विसरतात. साताऱ्याची सकाळ कोरडी व गार असते, तर मॉरिशसच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातही हवेत ओलावा असतो आणि घाम लवकर वाळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर सुरू होणाऱ्या दोन-तीन चाली मुद्दाम कराव्यात आणि त्या वेळी आपल्याला तासाला किती पाणी लागते याची नोंद ठेवावी. तीच नोंद पुढे पाण्याचे प्रमाण ठरवताना उपयोगी पडते.

कागदपत्रे, प्रवास आणि मुक्काम

भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, मुक्कामाचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. प्रवासापूर्वी मॉरिशस सरकारचा ऑनलाइन प्रवेश-अर्जही भरावा लागतो. प्रवासविमा घेताना त्यात डोंगरातील अपघात आणि सुटका यांचा समावेश आहे का, हे अटींमध्ये वाचून पाहावे, कारण काही विमापत्रे साहसी उपक्रम वगळतात. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचते. घड्याळ दीड तास मागे जाते आणि ही गोष्ट ट्रेकरच्या पथ्यावर पडते: साताऱ्यात साडेसहाला जागा होणारा माणूस तिथे आपोआप पाचला उठतो. पहिल्या दिवसापासून ही सवय तशीच टिकवावी आणि रात्री लवकर झोपावे.

मुक्काम उत्तरेकडील गजबजलेल्या किनाऱ्यावर करण्याऐवजी पश्चिमेस तामारँ, ब्लॅक रिव्हर किंवा फ्लिक आँ फ्लाक या भागात करावा. ल मोर्न, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान आणि बेटाचे सर्वोच्च शिखर ही तिन्ही ठिकाणे तिथून जवळ पडतात. बससेवा बेटभर आहे आणि स्वस्त आहे, परंतु पहाटे ट्रेकच्या सुरुवातीला पोहोचण्यासाठी व सायंकाळी आडवाटेवरून परतण्यासाठी ती भरवशाची नाही. चौघांनी मिळून गाडी घेणे सोयीचे ठरते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. गाडीत सामान दिसेल असे ठेवू नये, विशेषतः निर्मनुष्य ठिकाणी गाडी लावून जाताना.

ताजी फळे, भाज्या, बिया किंवा रोपे सोबत नेऊ नयेत. यामागे केवळ सीमाशुल्काचा नियम नाही. या बेटावरील मूळ जंगलाचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग आज चांगल्या स्थितीत उरला आहे आणि बाहेरून आलेल्या वनस्पतींनी उरलेल्यालाही घेरले आहे. म्हणूनच निघण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतील माती आणि मोज्यांना चिकटलेले गवताचे बी घरीच स्वच्छ करावे. कासच्या पठारावर फुले तुडवणाऱ्यांविषयी ज्यांना कळवळून बोलावेसे वाटते, त्यांनी तरी हे काम टाळू नये.

पाठीवर काय असावे

पाणी माणशी अडीच ते तीन लिटर असावे. डोंगरातील ओढ्यांचे पाणी स्वच्छ दिसले तरी पिऊ नये. हरणे, माकडे आणि उंदीर यांच्यामुळे ते दूषित होते आणि लेप्टोस्पायरोसिस या प्राण्यांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा धोका राहतो. त्याच कारणाने पायावर जखम असताना डबक्यात उतरू नये. पाण्यासोबत मीठ-साखरेची पुडी, राजगिऱ्याची वडी किंवा चिक्की ठेवावी. न्याहारीसाठी तिथल्या गाड्यांवर मिळणारी ढोल पुरी बांधून घेता येते. वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली ही मऊ पोळी पुरणपोळीची तिखट बहीण म्हणावी अशी असून ती वाटेत खायला सोपी पडते.

बूट खोल खाचांच्या तळव्याचे आणि घोट्याला आधार देणारे असावेत. शहरी धावण्याचे बूट ओल्या चिखलात निकामी ठरतात. पूर्ण बाह्यांचा हलका सदरा, पूर्ण पँट, टोपी, उन्हाचे मलम आणि पातळ पावसाळी जाकीट ही किमान तयारी समजावी. दोर किंवा खडक धरण्यासाठी साधे हातमोजे उपयोगी पडतात. डोक्यावरचा दिवा प्रत्येकाकडे स्वतंत्र असावा, कारण जूनमध्ये तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. नकाशे इंटरनेटशिवाय चालतील अशा रीतीने आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावेत. दऱ्यांत मोबाइलची रेंज जाते, धारेवर ती पुन्हा येते.

दिशांविषयी एक सूचना करणे आवश्यक वाटते. आपल्याकडे थंडीत दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. मॉरिशसमध्ये मे ते ऑगस्ट या काळात तो उत्तरेला असतो. सावलीवरून दिशा ओळखण्याची ज्यांना सवय आहे त्यांचा हमखास गोंधळ होतो, त्यामुळे होकायंत्र जवळ ठेवावे आणि त्यावरच विश्वास ठेवावा. उत्तराभिमुख उतार दुपारी तापतात, हेही बेत आखताना ध्यानात घ्यावे.

पहिला दिवस: ब्लॅक रिव्हर गॉर्जेस

विमानप्रवासानंतर थेट कातळाला हात घालू नये. सुरुवात १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून करावी. पेत्रँ येथील प्रवेशापासून मक्काबे जंगलाकडे रुंद व जवळपास सपाट वाट जाते. जाऊन-येऊन सुमारे चौदा किलोमीटर होतात. शेवटी खोल दरीचे संपूर्ण दर्शन घडते. ज्यांची चाल चांगली आहे त्यांनी परत फिरण्याऐवजी तिथून दरीत उतरून पश्चिमेकडील माहिती केंद्रापर्यंत जावे, मात्र गाडी दुसऱ्या टोकाला बोलावून ठेवावी. ही उतराई सुमारे सहाशे मीटरची आहे आणि पाऊस पडून गेला असेल तर मातीचा उभा भाग फार निसरडा होतो. वरून खाली जाणेच शहाणपणाचे. उलट दिशेने चढल्यास दिवसभराची दमछाक होते.

या उद्यानात पक्ष्यांसाठी वेळ राखून ठेवावा. मॉरिशसचा खरूची जातीचा लहान ससाणा १९७४ मध्ये केवळ चार ज्ञात पक्ष्यांपर्यंत घटला होता. गुलाबी कबुतर आणि हिरवा इको पोपट यांचीही अवस्था त्याच सुमारास अशीच बिकट झाली. पिंजऱ्यातील पैदास, घरट्यांचे संरक्षण आणि मूळ जंगलाची राखण या मार्गांनी हे तिन्ही पक्षी वाचले आणि आज ते याच दऱ्यांत मोकळे उडताना दिसू शकतात. नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याच्या बेटावर हे घडले, याचे मोल फार मोठे आहे. म्हणून मोठ्याने गाणी लावत चालू नये आणि माकडांना खाऊ घालू नये. बाहेरून आणलेली ही माकडे पक्ष्यांची अंडी खातात.

वाटेच्या दोन्ही बाजूंना चिनी पेरूची दाट झुडपे दिसतील. त्यांची लहान लाल फळे हिवाळ्याच्या सुरुवातीस पिकतात, चवीला आंबटगोड असतात आणि स्थानिक लोक ती आवडीने खातात. ही वनस्पती मात्र स्थानिक जंगलाची सर्वांत मोठी शत्रू आहे, तेव्हा फळे खाल्ल्यावर बिया वाटेत टाकत जाऊ नये.

ल पूस: राजधानीच्या माथ्यावर

८१२ मीटर उंचीचे ल पूस हे शिखर राजधानी पोर्ट लुईच्या पाठीशी उभे असून त्याचा माथा अंगठ्यासारखा वर आलेला आहे. चार्ल्स डार्विन बीगल जहाजातून येथे आला असताना मे १८३६ मध्ये हे शिखर चढला होता. साँ पिएरच्या बाजूने सुरू होणारी वाट सोपी आणि लहान आहे: आधी उसाच्या शेतांमधली गाडीवाट, मग झाडीतून चढ, त्यानंतर मोकळे पठार आणि अखेरीस सुळक्यावरची उभी, अरुंद चढण. परतीसह अडीच ते तीन तास धरावेत. राजधानीच्या बाजूने येणारी वाट अधिक लांब व उभी आहे. बसने येणाऱ्याला एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूस उतरता येते.

उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतात. जमीन लागवडीखाली आणण्यासाठी मजुरांनी हातांनी उचलून रचलेले हे दगड आहेत. १८३४ पासून गिरमिट करारावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या बोलीवर, भारतातून आणलेल्या मजुरांमध्ये कोकण आणि देशावरचे मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणेश चतुर्थी साजरी करतात. त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मजूर ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट ल पूसच्या पायथ्याच्या शहरात जतन केला असून २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. ट्रेकनंतरची दुपार तिथे द्यावी, असा माझा आग्रह आहे. दगडांचे ते ढीग पाहिल्यावर, मजूर ज्यांवरून चढून आले त्या घाटाच्या सोळा पायऱ्यांना वेगळाच अर्थ येतो.

सुळक्यावरच्या शेवटच्या टप्प्यात वारा जोराचा असतो. वर जागा थोडी आहे, म्हणून गट मोठा असल्यास चार-चार जणांनी वर जावे आणि छायाचित्रासाठी कड्याच्या टोकाकडे सरकू नये. ढग उतरू लागले तर पठारावरून माघारी फिरावे.

ल मोर्न ब्राबाँ: सर्वाधिक काळजीचा चढ

बेटावर एकच ट्रेक करता येणार असेल तर तो ल मोर्नचा करावा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी या डोंगरावरच्या गुहांत व माथ्यावर आश्रय घेतला होता. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपुष्टात आली. लोकपरंपरा सांगते, की मुक्तीची बातमी घेऊन येणाऱ्या तुकडीला पाहून हे आपल्याला पकडायला आले आहेत असे वरच्या लोकांना वाटले आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. २००८ मध्ये या डोंगराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पायथ्याशी गुलामांच्या स्मृतीचे शिल्पस्मारक आहे. आधी तिथे जाऊन मग चढाई सुरू करावी. ज्या मनाने आपण गडावरील समाधीपुढे उभे राहतो, त्याच मनाने या डोंगरावर जावे. वर आरडाओरडा आणि दगडांवर नावे कोरणे हे प्रकार पूर्णपणे वर्ज्य मानावेत.

सकाळी सातच्या सुमारास प्रवेशद्वारावर हजर राहावे आणि तेथील नोंदवहीत नाव लिहावे. उतरल्यावरही नोंद करावी, कारण शोधकार्याची वेळ आल्यास हीच वही पाहिली जाते. पहिला टप्पा रुंद, मळलेल्या आणि हलक्या चढाच्या वाटेचा आहे. झाडीतून सावलीत जाणारी ही वाट साधारण तासाभरात एका मोकळ्या जागेवर येते, जिथून किनाऱ्यालगतच्या उथळ लगूनचे निळे-हिरवे पाणी आणि त्याबाहेरची प्रवाळभित्ती दिसते. ज्यांना उंचीचे भय आहे, ज्यांच्यासोबत लहान मुले आहेत किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी इथपर्यंतचा ट्रेक पूर्ण मानावा. दृश्याच्या दृष्टीने त्यांचे फार काही हुकत नाही.

इथून पुढे वाटेचे रूपच बदलते. धार अरुंद होते, कातळ उभा होतो आणि हातांचा वापर सुरू होतो. पुढे निघण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. कातळाला हात लावून पाहावा. तो ओला असेल तर तिथेच थांबावे, यात तडजोड नाही. घड्याळात साडेनऊपेक्षा जास्त वाजले असतील आणि ऊन तापले असेल तर पुढचा टप्पा सोडावा, कारण वर सावली नाही. निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असले पाहिजे. आणि गटातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे, की याच कातळावरून उतरण्याची तुझी तयारी आहे का. चढताना उत्साहात वर गेलेला माणूस उतरताना कातळावर अडकून बसतो, हा प्रसंग सह्याद्रीतही आपण अनेकदा पाहतो. स्थानिक वाटाड्या घेतला असेल तर हा टप्पा बराच सुकर होतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तो घ्यावाच.

अवघड जागी दोर लावलेले आढळतात. ऊन-पावसाने ते किती जीर्ण झाले आहेत हे वरून कळत नाही, म्हणून दोराचा उपयोग तोल सांभाळण्यापुरता करावा आणि शरीराचा भार खडकावरच ठेवावा. दोन माणसांमध्ये अंतर राखावे; एकाच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याच्या डोक्यावर येतो. काठ्या या टप्प्यात घडी करून पिशवीला बांधाव्यात. वर एक क्रॉस उभा आहे, तिथे सर्वसामान्यांची वाट संपते. त्यापलीकडे डोंगराचा माथा आणखी पसरलेला असला तरी तिकडे जाऊ नये. या भागात मॉरिशसचे राष्ट्रीय फूल असलेली ट्रोकेशिया ही लालसर घंटेसारख्या फुलांची वनस्पती कड्यावर वाढते, आणि जगात नैसर्गिक अवस्थेत ती फक्त याच डोंगरावर आढळते. ती दिसली तर दुरून पाहावी.

अनेकांना वरून ‘समुद्राखालचा धबधबा’ पाहायचा असतो. वाळू आणि गाळ यांच्या प्रवाहामुळे तयार होणारा तो दृष्टिभ्रम हेलिकॉप्टरसारख्या उंचीवरूनच तसा दिसतो. डोंगरावरून पाण्याच्या रंगछटा दिसतात, धबधबा दिसत नाही. ही अपेक्षा आधीच दूर केलेली बरी.

उतरताना खडकाकडे तोंड करून, हळू आणि बोलत-बोलत उतरावे: पुढच्याने मागच्याला पाय ठेवण्याची जागा सांगावी. परतीसह साडेतीन ते चार तास लागतात. दुपारी बाराच्या आत पायथा गाठण्याचे उद्दिष्ट ठेवावे.

सर्वोच्च शिखर

८२८ मीटरच्या पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार या शिखराचा ट्रेक प्लेन शाम्पान्यच्या रस्त्यावरून, दरीच्या दर्शनस्थळाजवळून सुरू होतो. सुरुवातच उंचावर असल्याने बराच वेळ वाट चिनी पेरूच्या बोगद्यासारख्या झाडीतून वर-खाली होत राहते आणि चढ जाणवत नाही. शेवटचा तुकडा मात्र एकदम उभा आहे. तिथे मुळे आणि दोर धरून वर जावे लागते, आणि पठारावरचा पाऊस लक्षात घेता चिखल बहुधा असतोच. तीन ते चार तास पुरतात. सलग दोन दिवस कोरडे गेल्यावरच हा बेत करावा.

जवळच गंगा तलाव हे हिंदू समाजाचे मोठे तीर्थस्थान आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास बेटाच्या सर्व भागांतून भाविक कावडी घेऊन पायी येतात आणि परिसरातील रस्ते भरून जातात, त्यामुळे त्या आठवड्यात ट्रेकसाठी इकडे येऊ नये. यात्रा पाहण्यासाठी जरूर यावे.

वाटाड्याशिवाय जाऊ नये अशी ठिकाणे

८२० मीटरचा पीटर बॉथ आपल्या डोक्यावर एक प्रचंड शिळा तोलून उभा आहे आणि त्याचे आकर्षण कोणाही सह्याद्रीकराला वाटेल. त्यावरील चढाई दोर, शिरस्त्राण आणि अनुभवी प्रस्तरारोहकाच्या सोबतीनेच करायची असते. तामारँचे धबधबे चालायला सोपे वाटतात, परंतु वर पठारावर पडलेल्या पावसाने खालच्या घळीत पाणी अचानक वाढते आणि ओल्या दगडांवरून पाय सुटतो. ठोसेघरला कुंपण का घातले आहे हे जाणणाऱ्याने इथे एकट्याने उतरू नये.

वाटेवरचे धोके आणि अडचणीची वेळ

एक गोष्ट दिलासा देणारी आहे: मुख्य बेटावर माणसाला धोकादायक असे विषारी साप नाहीत. फुरशाच्या धास्तीने दगडामागे हात घालताना थबकणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळेच स्वातंत्र्य वाटेल. त्याऐवजी पिवळ्या गांधीलमाश्यांकडे लक्ष ठेवावे. त्यांची पोळी झुडपांत, हाताच्या उंचीवर असतात. फांदी धरण्यापूर्वी ती पाहावी. पोळे हलले तर हात न झटकता तडक मागे फिरावे. ज्यांना अशा दंशाने सूज येते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सोबत ठेवावे.

डोंगरांभोवतीची बरीच जमीन खासगी मालकीची आहे आणि तिच्या काही भागांत हिवाळ्यात हरणांची शिकार चालते. बंदीचा फलक दिसला की वाट कितीही जवळची असली तरी वळावे. आदल्या दिवशी गावातील दुकानात किंवा पोलीस ठाण्यात चौकशी केल्यास नेमकी माहिती मिळते. हिंदी किंवा भोजपुरी समजणारा माणूस बहुतेक ठिकाणी भेटतो.

मुक्कामाच्या ठिकाणी रोज एका कागदावर डोंगराचे नाव, वाट, निघण्याची व परतण्याची वेळ लिहून ठेवावी. दुपारी एकनंतर कोणत्याही परिस्थितीत वर चढत राहू नये. अपघात झाल्यास पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ११४ आणि अग्निशमन दलासाठी ११५ हे क्रमांक लावावेत. जखमी माणसाला अवघड कातळावरून स्वतः उतरवण्याचा प्रयत्न करू नये. त्याला सावलीत, उबदार ठेवावे आणि दोघांनी धारेवर रेंज मिळेल तिथे जाऊन आपले नेमके स्थान कळवावे.

परतीच्या दिवशी

रात्रीचे विमान असेल तर सकाळ वाया घालवू नये. विमानतळाच्या बाजूलाच, व्ह्यू ग्राँ पोर येथे ४८० मीटरचा लायन माउंटन आहे. वाट गावातील पोलीस ठाण्याच्या शेजारून उसाच्या शेतांत शिरते. हा चढ थेट धारेवरून जातो आणि वारा आडवा लागतो. सिंहासारख्या दिसणाऱ्या या डोंगराच्या पाठीवरून पूर्वेकडील उपसागर दिसतो, जिथे डच १५९८ मध्ये उतरले आणि ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंच व इंग्रज आरमारांची लढाई झाली. माथ्याखालचा खडकाळ टप्पा ज्यांना जमणार नाही त्यांनी खांद्यावरूनच परतावे. सहाला निघून दहापर्यंत खाली यावे, बुटांचा चिखल तिथेच नळावर पूर्ण धुवावा, ते उन्हात वाळवावेत आणि मगच सामानात भरावेत, कारण एका बेटाची माती आणि बी दुसऱ्या देशात न नेण्याचा नियम परतीच्या प्रवासालाही तितकाच लागू आहे.